मांजर, साप आणि खिडकीबाहेरचा जोसेफ : एका नकलेच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४

ठरलं एकदाचं. या हिवाळ्यात नवीन काही काढायचं नाही, सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याची एक एचिंग (तांब्याच्या प्लेटवर सुईने रेघा ओढायच्या, आम्लाने त्या खोल करायच्या आणि त्यात शाई भरून कागदावर छापायचं) मूळ मापात नकलून काढायची. गेली काही वर्षं मी हातभर मोठ्या प्लेटांवर काम करतेय आणि माझी रेघ आळशी झाली आहे. मोठ्या प्लेटवर चुकीची रेघही खपून जाते. लहान प्लेट खपवून घेत नाही.

चित्र निवडलंय १६५४ सालचं. मेरी, बाळ येशू, मांजर आणि साप. माप साधारण ९५ × १४५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या पोस्टकार्डापेक्षा नखभर मोठं. तेवढ्यात एक अख्खी खोली मावली आहे. मेरी जवळजवळ जमिनीलगत बसली आहे. बाळाला तिने असं कवटाळलंय की दोघांचे चेहरे एकमेकांत मिसळून गेलेत. मांजर तिच्या झग्याच्या काठाशी खेळतंय. झग्याखालून साप बाहेर येतोय, त्याच्यावर तिचा पाय आहे. मागे खिडकी, आणि खिडकीबाहेरून आत डोकावणारा जोसेफ, मेरीचा नवरा. स्वतःच्याच घरात, पण बाहेरून.

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने मोठ्या रिझोल्यूशनची छायाचित्रं सगळ्यांना मोफत उतरवून घ्यायला ठेवली आहेत. त्यातलं उतरवून घेतलं. स्क्रीनवर मोठं करून बघण्याचा मोह आवरायला हवा, कारण त्याने ते मोठं करून काढलेलं नाही.

५ डिसेंबर

तांबट आळी. कसबा पेठेत शिरलं की आधी कान पोचतात, मग आपण. अठरा गेजचा पत्रा हवा होता, दोन तुकडे. काकांनी माप बघितलं.

"ताई, एवढ्यात तर तांब्याचं झाकणसुद्धा होत नाही. करता काय याचं?"

"चित्र काढते."

"वर की आत?"

हा प्रश्न मला कलाशाळेत कुणी विचारला नव्हता. आत, म्हटलं. मग त्यांनी पत्र्याच्या गठ्ठ्यातून खालचा, कमी ओरखडे असलेला तुकडा काढून दिला.

८ डिसेंबर

कडांना कानस, मग ४००, ८००, १२०० चा पॉलिश पेपर. आरसा होईपर्यंत. चार तास. लिहिण्यासारखं काही नाही, मनगट दुखतंय.

११ डिसेंबर

आज आम्लाचा विचार. स्टुडिओत आम्ही फेरिक क्लोराइड वापरतो, त्यात थोडं लिंबूसत्त्व, म्हणजे रेघेत गाळ साचत नाही. पूर्वी नायट्रिक असायचं. त्याचा तो तपकिरी धूर आठवला तरी अजून घसा खवखवतो.

रेम्ब्रांट कशात प्लेट बुडवत असेल? पुस्तकांत 'डच मॉर्डंट' नावाचं एक द्रावण भेटतं आणि नावावरून वाटतं, हेच असणार. ते नाही. त्यात पोटॅशियम क्लोरेट लागतं आणि तो पदार्थ त्याच्या काळात कुणाला माहीतच नव्हता. नाव डच, जन्म एकोणिसाव्या शतकातला. १६४५ साली पॅरिसच्या अब्राहम बोसने एचिंगवर एक पुस्तक छापलं. त्यातली एक कृती अशी: व्हिनेगर, मीठ, नवसागर आणि जंगाल, म्हणजे तांब्यावरचा हिरवा कळंक. सगळं एकत्र उकळायचं.

वाचून मी हसलेच. नवसागर म्हणजे कल्हईवाल्याचा! लहानपणी वाड्याच्या दारात तो भाता मांडून बसायचा, तापल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा. आणि कल्हई कशासाठी? भांड्यातलं ताक कळकू नये म्हणून. आजी कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी ठेवू द्यायची नाही. आम्ही एचिंगवाले नेमकं उलटं करतो. तांबं मुद्दाम कळकवतो, फक्त कुठे कळकायचं आणि कुठे नाही ते आधी ठरवतो. आम्लाने तांबं खाण्याला एचिंगमध्ये 'बाइट' म्हणतात, त्या शब्दापेक्षा मला हे जवळचं वाटतं. यापुढे नोंदींत तेच लिहीन.

(बोसची कृती करून बघण्याचा विचार आला होता. स्टुडिओतल्या मामांनी एका वाक्यात मोडीत काढला: "उकळायला घरचा गॅस वापरणार का?")

१५ डिसेंबर

ट्रेसिंग. दिवसभर पारदर्शक कागदावर, पहिल्यांदा नुसते मोठे आकार.

आई आणि बाळाची मिठी मुळात रेम्ब्रांटची नाहीच. मांतेन्या या इटालियन चित्रकाराचं दीड शतकाहून जास्त आधीचं ताम्रमुद्रण आहे, जमिनीलगत बसून बाळाला कुशीत घेतलेली मेरी, तिथून ती आली. अशा खाली बसलेल्या मेरीला 'नम्रतेची मेरी' म्हणायची जुनी रीत होती. १६५६ साली रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं तेव्हा घरातल्या चीजवस्तूंची यादी झाली, तिच्यात मांतेन्याचं 'मौल्यवान पुस्तक' नोंदलेलं आहे. वही उघडून समोर ठेवून काम केलं असणार.

म्हणजे मी नकलेची नक्कल करतेय. बरं वाटलं.

पण मांतेन्याच्या चित्रात आई आणि बाळ, बाकी काही नाही. खोली, खिडकी, मांजर, नवरा हा सगळा संसार रेम्ब्रांटने मांडला. देवघरातली मूर्ती उचलून स्वयंपाकघरात आणून ठेवावी तसं. आणि गंमत म्हणजे मूर्तीपण त्याने काढून घेतलेलं नाही. मेरीच्या डोक्यामागे प्रभावळ नाही असं पहिल्यांदा वाटतं. मग दिसतं की तिचं डोकं बरोबर खिडकीसमोर आहे आणि तावदानांच्या शिशाच्या पट्ट्यांतला गोल तिच्यामागे आला आहे. प्रभावळ रेखाटलेली नाही. ती तिथे आहे.

१६ डिसेंबर

साप राहिला काल. उत्पत्तीच्या पुस्तकात देव सापाला सांगतो की स्त्रीची संतती तुझं डोकं ठेचील. जुन्या लॅटिन बायबलात त्या जागी 'ती ठेचील' असं आलं आणि त्यातून पायाखाली साप असलेली मेरी कॅथलिक जगभर झाली. वसईत, गोव्यात चर्चमध्ये तशी मूर्ती अनेकांनी पाहिली असेल. अ‍ॅमस्टरडॅम तेव्हा प्रोटेस्टंट. तिथल्या चित्रकाराने हा साप का घेतला यावर विद्वान बरंच बोलतात. मला प्लेटच्या दृष्टीने एवढंच दिसतं की तो साप अगदी घरगुती आहे. मोरीतून आलेल्या सापाइतका. मेरीचं त्याच्याकडे लक्षही नाही. पाय पडला आहे, एवढंच.

मांजराला काही जण सैतानाचं रूप म्हणतात. ज्यांनी मांजर पाळलंय ते म्हणणार नाहीत.

१९ डिसेंबर

छापताना सगळं उलटं येतं, म्हणून ट्रेसिंग उलटून प्लेटवर घ्यायचं आणि मूळ चित्र आरशात बघत काढायचं. दोन दिवस आरशाची सवय करण्यातच गेले. हात डावीकडे, डोळा उजवीकडे.

खाली रेम्ब्रांटची सही आणि १६५४ हे साल आहे. ती मी नकलणार नाही. मूळ मापात काढायचं आणि सहीपण उतरवायची, हे माझ्या दृष्टीने नक्कल सोडून दुसऱ्याच धंद्यात शिरणं झालं. त्या जागी माझी अक्षरं आणि २०२५. अर्थात तीही उलटी.

२२ डिसेंबर

ग्राउंड, म्हणजे आम्लापासून तांबं वाचवणारा थर. मधमाशीचं मेण, राळ, डांबर. प्लेट तापवून रोलरने पातळ थर दिला. एरवी आम्ही मेणबत्त्यांच्या काजळीवर धरून तो काळा करतो, म्हणजे रेघ चमकते. पण सतराव्या शतकातल्या एका इंग्रजी टिपणात रेम्ब्रांटचा ग्राउंड म्हणून कृती सापडते: काळा थर अगदी पातळ, त्यावर पांढरा. मी वर पांढऱ्या पोस्टर रंगाचा हलका हात दिला.

फरक केवढा! काळ्यावर ओढताना चमकत्या रेघा उजेडासारख्या दिसतात, म्हणजे सगळं उफराटं दिसतं. पांढऱ्यावर तांबूस रेघ, लाल खडूने कागदावर काढावी तशी. सावली सावलीसारखी दिसते. हात आपोआप मोकळा होतो. रेम्ब्रांटच्या एचिंगा रेखाटनासारख्या का दिसतात त्याचं एक उत्तर इथे असावं.

२३ ते २५ डिसेंबर

तीन दिवस सुई.

या वर्षातल्या त्याच्या रेघा म्हणजे लांब, मोकळ्या, समांतर. तरुणपणीच्या एचिंगांत त्याची रेघ भिरभिरते, केस, फर, चुरगळलेलं कापड यांत रमते. इथे तसं नाही. सावली पाडायची तर तिरप्या रेघांचा एक पट्टा टाकला, त्यावर दुसऱ्या दिशेने आणखी एक, संपलं. सोपं वाटतं. मी पहिला पट्टा टाकला आणि तो गवतासारखा दिसला. त्याची प्रत्येक रेघ सरळ आहे असं लांबून वाटतं, पण जवळून बघितलं तर थरथर आहे, अंतर कमीजास्त आहे. मी पट्टीने ओढल्यासारखं नेमकं करत होते, तेच चुकत होतं.

त्याच वर्षी त्याने येशूच्या बालपणावर याच मापाच्या आणखी काही प्लेटा केल्या. गोठ्यातली सुंता, इजिप्तला पळताना ओढा ओलांडणं, देवळातून आईबापाबरोबर परतणारा मुलगा. ओळीने बघितल्या तर सगळीकडे हीच घाईतली, तरीही न चुकणारी रेघ. एका बैठकीत काढल्यासारखी.

मला एका मांजराला सव्वा तास लागला.

२८ डिसेंबर

कळकवण्याचा दिवस. आधी चाचणीपट्टी: थंडीमुळे फेरिक मंद. हिशेब असा केला की खिडकी आणि जोसेफ ६ मिनिटं, मग तेवढा भाग वॉर्निशने बंद. आई, बाळ, मांजर १५ मिनिटं, मग बंद. खोलीतले काळे कोपरे ३५ पर्यंत.

फेरिक काळपट तपकिरी असतं, आत काय चाललंय ते दिसत नाही. घड्याळावरच सगळं. पाचव्या मिनिटाला आईचा फोन आला. औषधाची चिठ्ठी फ्रीजवर लावलेली, ती सापडत नव्हती. फ्रीजवर, दुधाच्या हिशेबाखाली, नाही तिथे नाही, चुंबकाच्या मागे. फोन ठेवला तेव्हा चौदा मिनिटं झाली होती.

२९ डिसेंबर

पहिलं प्रूफ, म्हणजे चाचणीची छपाई.

मामांनी छपाईयंत्रावरचं ब्लँकेट उचललं, कागद सोलला आणि काहीच बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मी ओळखते.

खोली आली आहे. मिठी बऱ्यापैकी. पण जोसेफ! मूळ चित्रात तो तावदानापलीकडे हलक्या रेघांत आहे, उजेडात अर्धा विरघळलेला, म्हणून त्याच्याकडे नजर सगळ्यात शेवटी जाते. माझ्या प्लेटमध्ये तो गडद, ठसठशीत. खिडकीतून कुणीतरी टक लावून बघतंय. अख्खं चित्र बदललं. बापाचा पाळतीवरचा माणूस झाला.

शिवाय ग्राउंड दोन ठिकाणी फुटला होता आणि खिडकीच्या पांढऱ्यात बारीक ठिपके पडलेत. प्रभावळीला देवी आल्यासारखी.

३० डिसेंबर

प्लेटला हात लावला नाही.

४ जानेवारी २०२५

प्रूफ समोरच्या भिंतीवर लावून ठेवलंय आणि पाच दिवस येताजाता बघतेय. कुठे काय आणि किती काढायचं याच्याकडे माझं लक्ष होतं, पण हे चित्र उभं आहे ते न काढलेल्या जागेवर. खिडकीत त्याने जवळजवळ काहीच केलेलं नाही. कोरा कागद सोडला आहे. त्या कोऱ्या कागदातून प्रभावळ येते, उजेड येतो, जोसेफचं अंतर येतं. आणि प्लेटवर कोरं ठेवणं हे रेघ ओढण्यापेक्षा अवघड आहे. तिथलं तांबं वाचवावं लागतं.

दुसरंही एक घोळतंय. १६५४ हे साल त्या घरात साधं नव्हतं. पहिली बायको सास्किया १६४२ मध्येच गेली. तिची तीन मुलं तान्हेपणी गेली, टीटस तेवढा जगला. आता घरात हेंड्रिक्ये स्टॉफेल्स होती, लग्नाशिवाय. त्या उन्हाळ्यात ती गरोदर असताना चर्चच्या मंडळींनी तिला बोलावून जाब विचारला आणि तिला प्रभूभोजनातून वगळलं. ऑक्टोबरच्या अखेरीस मुलीचा बाप्तिस्मा झाला, नाव कॉर्नेलिया. सास्कियाच्या गेलेल्या दोन मुलींचंही तेच नाव होतं.

म्हणून चित्रातली मेरी म्हणजे हेंड्रिक्ये, असं मी म्हणणार नाही. प्लेट त्या वर्षात कधी झाली, मूल जन्मण्याआधी की नंतर, ते सालावरून कळत नाही. आणि मिठी तर मांतेन्याची. पण बाहेर उभं राहून आपल्याच घरात बघणारा बाप त्याने स्वतःहून घातला, तो मांतेन्याकडून घेतलेला नाही, एवढं खरं.

९ जानेवारी

दुरुस्ती. स्क्रेपरने जोसेफ खरवडला. पूर्ण. तिकोनी पात्याखाली तांब्याचे केसासारखे कण निघतात. मग बर्निशर, म्हणजे तांबं गुळगुळीत करायचं हत्यार, तेलाचा थेंब टाकून घासत राहायचं. खिडकीतले ठिपके बर्निशरनेच बुजले.

पण जोसेफच्या जागी आता खळगा झाला आहे. बोट फिरवलं की कळतो. तसंच छापलं तर खळग्यात शाई राहील आणि राखाडी डाग येईल. उपाय जुना आहे: कॅलिपरने मागच्या बाजूला तीच जागा हेरायची आणि मागून ठोकून तांबं वर आणायचं. हे मी आजवर एकदाच केलंय, आणि ती प्लेट फेकली होती.

१२ जानेवारी

मग आठवलं, की या शहरात पिढ्यान्‌पिढ्या फक्त तांबं ठोकणारी माणसं आहेत.

काकांनी प्लेट हातात घेतली, तिरपी करून उजेडात धरली. रेघांवर अंगठा फिरवला नाही, ही त्यांची जाण. मागची पेन्सिलची खूण बघितली.

"किती उचलायचंय?"

"कागदाएवढं."

"वहीचा कागद की पत्रिकेचा?"

वहीचा, म्हटलं. गुळगुळीत खरवईवर, म्हणजे तांबटाच्या ऐरणीवर, कागद पसरून प्लेट पालथी घातली. मठारकामाचा हातोडा मोठा पडेल म्हणून दुसरा छोटा, गोल तोंडाचा घेतला. मोजून अकरा ठोके. इतके हलके, की शेजारच्या दुकानातल्या ठणठणाटात मला ऐकूही आले नाहीत. प्लेट उलटली, नख फिरवलं, आणखी दोन.

मी सोबत पहिलं प्रूफ नेलं होतं. ते त्यांनी बराच वेळ बघितलं.

"घर चांगलंय. बाई खाली बसलीय, मांजर आहे. हा कोण?"

"नवरा तिचा."

"मग बाहेर का उभाय?"

"माहीत नाही, काका."

"कामावरून आला असेल," ते म्हणाले. "पोर झोपलंय म्हणून आत शिरत नसेल."

पैसे घेतले नाहीत. छापलं की एक आणून दे म्हणाले.

१८ जानेवारी

नवा ग्राउंड, पण पूर्ण प्लेटवर नाही तर फक्त खिडकीवर, बाकी सगळं वॉर्निशने झाकून. जोसेफ पुन्हा काढला. या वेळी त्याच्याकडे बघत काढला नाही. आधी तावदानाच्या पट्ट्या, मग त्यांच्यामधून जे दिसेल तेवढाच माणूस. टोपीची कड, एक डोळा, दाढीचा अंदाज. वीसेक रेघा. पाच मिनिटं फेरिकमध्ये. फोन मामांच्या कपाटात.

प्रूफ दोन: जोसेफ जवळजवळ गायब. आणखी दोन मिनिटं द्यायला हवी होती का? पुन्हा ग्राउंड घालण्याची हिंमत नाही. ड्रायपॉइंटने, म्हणजे आम्लाशिवाय थेट सुईने, तीन रेघा नुसत्याच खरडल्या. प्रूफ तीन: आता आहे.

२५ जानेवारी

कागद. पहिली प्रूफं जाड हातकागदावर काढली होती. त्याचा पोत एरवी मला आवडतो, पण एवढ्या बारीक रेघांना तो चढउतारच जास्त. मग कुणीतरी भेट दिलेला पातळ जपानी कागद काढला, वर्षानुवर्षं 'चांगल्या कामासाठी' राखून ठेवलेला, साडीसारखा. रेम्ब्रांटनेही डच व्यापाऱ्यांनी आणलेला जपानी कागद वापरला होता. हा कागद शाई मऊ उचलतो, पांढराही पिवळसर उबदार येतो.

त्याच पूर्वेच्या कागदावर त्याने १६५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुघल लघुचित्रांच्या नकला काढल्या. वीसहून जास्त आज शिल्लक आहेत. शहाजहान, दरबारी, घोडेस्वार, झाडाखाली बसलेले चार सूफी. पन्नाशीतला, कर्जात बुडालेला, नाव झालेला माणूस बसून परक्या देशातल्या, नावही माहीत नसलेल्या चित्रकारांची रेघ उतरवून घेतोय, हे मला कुठल्याही मोठ्या तैलचित्रापेक्षा जास्त दिलासा देतं.

शाई पुसण्याबद्दल एक. तार्लटनने, म्हणजे जाळीदार कडक कापडाने, पुसून झाल्यावर मी सवयीने हाताने प्लेट लख्ख करते. या वेळी कोपऱ्यांत पातळ पापुद्रा राहू दिला आणि फक्त खिडकी तळहाताने, खडूचा हात लावून, साफ केली. खोली संध्याकाळची झाली. प्रूफ पाच.

२ फेब्रुवारी

एकूण आठ प्रती काढल्या, त्यातल्या सहा ठेवण्याजोग्या. मूळ तांब्याची प्लेट आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. रेम्ब्रांटच्या अशा ऐंशीच्या आसपास प्लेटा जगभर उरल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येक त्याच्या पश्चात व्यापाऱ्यांनी इतक्या वेळा छापल्या की रेघा झिजल्या, मग दुसऱ्यांनी पुन्हा कोरल्या. माझ्या प्लेटला तो धोका नाही. तेल लावून, कागदात गुंडाळून कपाटात.

प्रूफ सहा काकांना देऊन आले. त्यांनी ते दुकानात ठेवलं नाही, घेऊन आतल्या खोलीत गेले आणि आतून बाईंचा आवाज आला: "अगंबाई, साप आहे की खाली!"

मला दोन महिन्यांत एकदाही तो साप सगळ्यात आधी दिसला नव्हता.

बाकी काम: मांजराचे मागचे पाय अजून सशाचे दिसतात. दुसरा तुकडा पॉलिश करून ठेवलाय.